थंड खिचडी आणि सहा लाख रुपये: नवी मुंबईतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघर अनुदानाचं प्रकरण

सुरुवातीला एक खुलासा. शाळा, संस्था, बचत गट, कंपनी यांपैकी कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून रकमा ढोबळ केल्या आहेत. मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य होते आणि पोटापाण्यासाठी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते. त्यामुळे कोटेशन मागवणं माझ्याकडे आलं, आणि कोटेशनमधली मोठी चूकही माझीच.

पार्श्वभूमी

शाळा घणसोली ते दिघा या पट्ट्यातली. मराठी माध्यम, अनुदानित, पहिली ते आठवी. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या, दुसऱ्या अंगाला गावठाण आणि चाळी. आईबाप कंत्राटी कामावर, नाक्यावर, नाहीतर घरकामाला. पोषण आहाराचा पट 340, त्यात पहिली ते पाचवीची 180 आणि सहावी ते आठवीची 160 मुलं.

केंद्राने 2021 मध्ये शालेय पोषण आहार योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ केलं, पण पालक अजून ‘खिचडी’च म्हणतात. मूळ योजना 15 ऑगस्ट 1995 ची. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी मुलांच्या हातात कोरडं धान्य पडायचं. शिजवून द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये दिला. आजच्या प्रमाणाने पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75. म्हणजे पूर्ण पट हजर असेल त्या दिवशी आमच्या एका शाळेला 42 किलो तांदूळ लागतो.

हा तांदूळ शाळेत शिजत नाही, आणि शहराबाहेरच्या वाचकाने हे लक्षात ठेवायला हवं. खेड्यातल्या शाळेत मागच्या खोलीत चूल किंवा शेगडी असते. आमच्याकडे दहा बायकांचा एक बचत गट गावठाणातल्या भाड्याच्या गाळ्यात तीन शाळांचं जेवण शिजवतो आणि टेम्पोने पोचवतो. तीन शाळा मिळून पट नऊशेच्या थोडा वर. गटाचं काम ठरावीक मुदतीच्या कराराने चालतं, आणि मुदत संपली की पुढचं काही खरं नसतं.

अडचण

2023 च्या जुलैत पालकसभेत एका आजीने पदराआडून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. नातवाने घरी आणलेली खिचडी. वरचा थर वाळलेला, खाली गोळा. “मुलं खात नाहीत, कुत्र्यांना घालतात,” एवढंच बोलून त्या खाली बसल्या. मुख्याध्यापिका बाई चव नोंदवही घेऊन आल्या. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन सही करायची, असा नियम आहे. नोंदवहीत महिनाभर रोज ‘चव ठीक’ आणि खाली सही. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. चव ठीकच होती, अन्न थंड होतं, आणि तापमानाचा रकाना नोंदवहीत नव्हता.

त्याच पंधरवड्यात एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागाचे साहेब वह्यावाटपाला आले होते. बाईंनी विषय काढला. साहेब म्हणाले, “किचनसाठी प्रस्ताव द्या, सहा लाखांपर्यंत बघू. पण 31 मार्चच्या आत खर्च झाला पाहिजे.”

मग सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र बसलं: शाळेमागे पांढऱ्या टाइल्सचं, चकचकीत स्टीलचं स्वयंपाकघर. माझ्याही डोक्यात तेच होतं. बाईंनी फलकाचा मजकूरसुद्धा ठरवून टाकला होता.

समोरचे पर्याय

सरकारी मदत आधी पाहिली. योजनेत शाळेच्या स्वयंपाक साहित्यासाठी पटानुसार रक्कम ठरलेली आहे: 50 मुलांपर्यंत 10,000 रुपये, 51 ते 150 ला 15,000, 151 ते 250 ला 20,000 आणि त्यापुढे 25,000. केंद्र आणि राज्याचा वाटा 60:40. आमच्या शाळेला जुन्या 5,000 च्या दराने कधीकाळी पैसे मिळाले होते आणि त्यातून ताटं आली होती. 25,000 मिळाले तरी ताटं, पळ्या आणि पाण्याचं पिंप एवढ्यात ते संपतात. अर्ज केला, पण त्याच्या भरवशावर बसलो नाही.

दुसरा पर्याय शाळेतच स्वयंपाकघर बांधण्याचा. हा फार काळ तगला नाही. योजनेच्या निकषाने 100 मुलांपर्यंत 20 चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येक शंभराला 4 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे आम्हाला 32. मागची मोकळी पट्टी मी आणि शिपाईकाकांनी टेप लावून मोजली: 3 मीटर रुंद, 7 मीटर लांब. एकवीस. तीही स्वच्छतागृहाच्या भिंतीला चिकटून. शिवाय भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्याचा, नवं बांधकाम म्हणजे परवानग्या, आणि मार्च आठ महिन्यांवर. बाईंना वाईट वाटलं. पण खरा प्रश्न शिपाईकाकांनीच विचारला: “बांधलं समजा. रांधणार कोण? गट तर तिकडे.” शाळेत शिजवायचं तर सगळी व्यवस्थाच बदलायला हवी होती, आणि ते समितीच्या हातात नव्हतं.

तिसरा पर्याय पैसे गटाच्या गाळ्यावर खर्च करण्याचा. चौथा, शिजवण्याला हातच न लावता जेवण शाळेत पोचल्यावरच्या गोष्टी सुधारण्याचा: उष्णता धरणारे डबे, वाढप, हात धुण्याची जागा. समितीतल्या दोघांना चौथा पसंत होता, कारण वस्तू शाळेतच राहणार. “गटाला द्यायचं आणि उद्या त्यांचं काम गेलं की भांडी घेऊन जातील,” असं एक पालक स्पष्ट बोलले. संशय कुणाच्या तोंडून शोभत नाही, पण पैसे लोकांचे असतात तेव्हा तो बोलून दाखवलेला बरा.

पहाटेचा गाळा

ठरवण्याआधी एकदा शिजताना बघावं म्हणून मी ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे पावणेसहाला गाळ्यावर गेले. हे आधी सुचायला हवं होतं. तोवर आम्ही तीन बैठका घेतल्या होत्या आणि ज्या बायका शिजवतात त्यांच्यापैकी एकीलाही बोलावलं नव्हतं.

गाळा साधारण दहा बाय अठरा फुटांचा. दोन भट्ट्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेल्या, म्हणजे भट्टीवरच्या टोपाचा काठ ढवळणारीच्या छातीला लागतो. एक बाई लाकडी पाटावर उभी राहून दोन्ही हातांनी उलथणं फिरवत होती. एका टोपात बारा किलो तांदूळ, त्याच्या दुपटीहून जास्त पाणी, डाळ, आणि टोपाचं स्वतःचं वजन. पन्नास किलोच्या आसपास. शिजला की दोघी जणी जुन्या लुगड्याच्या चुंभळी करून कडीत घालतात, “हं, उचल” म्हणतात आणि छातीच्या उंचीवरून तो टोप जमिनीवर उतरवतात. सकाळभरात असं सात-आठ वेळा. दोघींच्याही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, काठाला लागून भाजल्याचे वण होते. वाफ आणि धूर जायला एक खिडकी, तीही अर्धी पुठ्ठ्याने बंद केलेली, कारण बाहेर सिलिंडर.

मी सोबत कॅटलॉग नेला होता. वाफेवर शिजवणारा संच, कणीक मळायचं यंत्र, असं बरंच. गटाच्या अध्यक्ष मावशींनी हात पुसून पानं उलटली. एका मोठ्या यंत्रावर बोट ठेवून विचारलं, “ताई, हे धुवायचं कुठं?”

मी मोरीकडे बघितलं. मोरी दोन फूट रुंद. आत्ताचे टोपच तिच्यात तिरके घालून घासत होत्या.

“आणि लाइट गेली की?”

तो कॅटलॉग मी परत पिशवीतून काढला नाही. त्याऐवजी त्या काय म्हणतात ते बसून लिहून घेतलं. टोप उचलायला लागू नये. भट्टी खाली हवी. धूर बाहेर जावा. भाजी चिरायला चार बायका दोन तास अडकतात, त्याचं काहीतरी करा. आणि मोरी मोठी करा. वाफेचा संच कुणीच मागितला नाही.

दुसरं काम कारखान्यातल्या सवयीने केलं. एक डिजिटल थर्मामीटर विकत घेतला आणि टेम्पोबरोबर फिरले. खिचडी साध्या स्टीलच्या पिंपात भरून झाकण लावलं तेव्हा 10:20 वाजले होते, तापमान 88 अंश. पहिली शाळा सकाळ सत्राची, तिथे सव्वाअकराला पिंप उघडलं: 79. तिथून रबाळे नाक्याची गर्दी, मग दुसरी शाळा. आमची शाळा शेवटची. टेम्पो 12:20 ला पोचला, पण सुट्टी 1:10 ची. तोवर पिंप व्हरांड्यात. उघडलं तेव्हा 54.

अन्नसुरक्षेत 5 ते 60 अंश हा जिवाणू वाढण्याचा पट्टा मानतात आणि गरम अन्न 60 च्या वर ठेवायला सांगतात. शिजलेल्या भाताला हे जास्तच लागू, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. आजीच्या डब्यातला गोळा हा नुसता चवीचा प्रश्न नव्हता. 2013 मध्ये बिहारच्या सारण (छपरा) जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 मुलं गेली. तिथे कारण कीटकनाशकाचं होतं, इथल्याशी संबंध नाही. पण त्यानंतर ‘चव ठीक’ ही सही निव्वळ उपचार म्हणून करणं कुठल्याच शिक्षकाला परवडत नाही.

पहिला निर्णय: पैसे कुठे

सप्टेंबरच्या बैठकीला मावशींना आणि आणखी एका सदस्येला बोलावलं. त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या, बाईंनी त्यांना पुढे घेतलं. मी 88, 79, 54 हे तीन आकडे फळ्यावर लिहिले. पुढची चर्चा दहा मिनिटांत झाली. साधारण साठ टक्के रक्कम गाळ्यावर आणि उरलेली डबे, शाळेतली हात धुण्याची जागा आणि किरकोळ साहित्यावर, असं ठरलं.

ज्यांनी संशय बोलून दाखवला होता त्यांनीच विचारलं, की टेम्पोचा मार्ग उलटा करून आमची शाळा आधी घेतली तर फुकटात काम होईल ना? प्रश्न बरोबर होता. पण पहिली शाळा सकाळ सत्राची, तिला उशीर चालत नाही. मार्ग तसाच राहिला. मात्र आमची मधली सुट्टी वीस मिनिटं अलीकडे आणायचं बाईंनी मान्य केलं. त्याला एक रुपया लागला नाही, आणि जुलैतच करता आलं असतं.

दुसरा निर्णय: मालकी कुणाची

इथे आम्ही दोन महिने अडकलो. अनुदानाच्या कामात पैशापेक्षा कागद जास्त वेळ खातो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

कंपनी कायदा 2013 च्या 135 व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे पैसे दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करायचे तर 1 एप्रिल 2021 पासून त्या संस्थेकडे सीएसआर-1 नोंदणी (सीएसआर म्हणजे कंपन्यांचं सामाजिक दायित्व) लागते, आणि ती मिळायला तेव्हा आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रं लागायची. आमची शिक्षणसंस्था सार्वजनिक न्यास म्हणून जुनी, नीट नोंदलेली. 80जीचं नूतनीकरण मात्र राहून गेलेलं. ‘कुणी देणगी देतंय कुठे’ म्हणून कुणी लक्षच दिलं नव्हतं. म्हणजे संस्थेच्या खात्यात पैसे येणं शक्य नव्हतं.

त्याहून मोठी गोम पुढे होती. 2021 च्या दुरुस्तीनंतर अशा पैशातून उभी राहणारी भांडवली मालमत्ता कुणाच्या नावावर असावी हे नियमातच आहे: सीएसआर क्रमांक असलेली संस्था, किंवा लाभार्थ्यांचा बचत गट वा समूह, किंवा सरकारी प्राधिकरण. कंपनीने ती स्वतःकडे ठेवायची नाही. आमच्या संस्थेकडे क्रमांक नाही. मग उरलं कोण? गट, किंवा बाहेरची एखादी स्वयंसेवी संस्था.

गटाच्या नावावर करणं नियमात बसत होतं. मावशी खूश होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही. पण कंपनीच्या साहेबांना तेच खटकलं: गटाचं काम गेलं तर शाळेसाठी दिलेली भट्टी उद्या लग्नाच्या ऑर्डरला जाईल, आणि तपासणीला आलेल्यांना काय दाखवायचं? शेवटी ठाण्यातली एक नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था मध्ये आली. पैसे तिच्याकडे, मोठ्या यंत्रांची मालकी तिची, वापर गटाचा. करारात अट अशी, की गट बदलला तर यंत्रं या तीन शाळांना जेवण देणाऱ्या पुढच्या गटाकडे जातील. डबे आणि नळकोंडाळं शाळेच्या साठा नोंदवहीत चढलं.

मावशींनी सही केली. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या, “म्हणजे घासायची आम्ही, आणि मालक वेगळा.” कुणी काही बोललं नाही. त्या व्यवस्थेत शाळा सुरक्षित झाली, कंपनी सुरक्षित झाली. गटाला काय मिळालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. किमान आठवड्यातून एक दिवस शाळेबाहेरच्या ऑर्डरसाठी यंत्रं वापरायची मुभा करारात घालायला हवी होती. मी तेव्हा तो मुद्दा काढला नाही, कारण मार्च जवळ येत होता आणि मला कागद मिटवायचा होता.

तिसरा निर्णय: यादी, आणि माझी चूक

यादी अशी ठरली. जमिनीलगतच्या दोन बुटक्या भट्ट्या, 64,000. शंभर लिटरचं कलतं भांडं, 1,15,000. याला बाजूला चाक असतं, ते फिरवलं की भांडं पुढे कलतं आणि शिजलेलं अन्न खालच्या डब्यात ओतता येतं, उचलावं लागत नाही. धूर ओढणारं हूड, पंखा आणि छतावरपर्यंतचा पाइप, 1,05,000. सिलिंडर बाहेर जाळीच्या कपाटात ठेवून तिथून पाइपने गॅस आत आणायचं काम, 46,000. हे चारही एकाच पुरवठादाराकडून, एकूण 3,30,000. त्याशिवाय उष्णता धरणारे 14 डबे प्रत्येकी 8,500 प्रमाणे 1,19,000. दोन ट्रॉल्या, वजनकाटा आणि थर्मामीटर मिळून 38,000. भाजी कापायचं यंत्र 55,000. शाळेत दहा नळांचं स्टीलचं कोंडाळं 52,000. सगळं मिळून 5,94,000. सहा लाखांच्या आत बसलं म्हणून मी स्वतःवरच खूश.

मंजुरीचं पत्र डिसेंबरात आलं. जानेवारीत खरेदी आदेश काढताना पुरवठादाराच्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात दिसलं: कर वेगळा. मोठ्या यंत्रांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 59,400. बाकीची कोटेशन करासकट होती, हे एक नव्हतं. मी रोज हेच काम करते. ऑफिसात ज्युनिअरने अशी चूक केली असती तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. बेरीज 6,53,400 वर गेली. कंपनीने वाढीव रकमेला नकार दिला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

53,400 कापायचे होते. दोन दिवसांत ठरवायचं होतं. भाजी कापायचं यंत्र बरोबर 55,000 चं होतं, म्हणून तेच गेलं. आकडा जुळला, 5,98,400. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, “राहू दे, हात आहेत की.” मी तो होकार समजले.

या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय हाच, असं माझं मत आहे. तीन शाळांचा पूर्ण पट धरला तर रोज पन्नास किलोच्या वर भाजी चिरायची असते. त्या यंत्राने रोजचे चार बायकांचे दीड-दोन तास वाचले असते. कापायचंच होतं तर कलतं भांडं कापायला हवं होतं, आणि उरलेल्या पैशांत मोठं कापयंत्र आणि तिसरी बुटकी भट्टी बसली असती. पण कलतं भांडं कंपनीच्या सादरीकरणात फोटोसकट गेलेलं होतं. फोटोतली वस्तू वगळायला कुणी धजत नाही.

मोरीचं काय? मोरी बांधकामात मोडते, आणि कंपनीचे पैसे फक्त साहित्याला होते. नऊ हजारांचं काम. शेवटी शिक्षणसंस्थेने पाच हजार दिले, उरलेले गटाने घातले, आणि एका सदस्येच्या नवऱ्याने, जो फरशीचं काम करतो, रविवारी येऊन मजुरी न घेता काम केलं. मावशींनी पहिल्या दिवशी मागितलेली गोष्ट कुठल्याच अनुदानात बसली नाही.

बसवणं आणि वापर

माल 26 मार्चला आला. बिलं 31 तारखेच्या आत. फोटो, फलक, नारळ. एप्रिलमध्ये जोडणी आणि गळतीची चाचणी झाली, आणि सुट्टी लागली. यंत्रं जूनच्या मध्यापर्यंत तशीच उभी. एक वर्षाची वॉरंटी मार्चच्या बिलापासून सुरू झालेली, म्हणजे पहिले अडीच महिने वापराविनाच गेले. पुढच्या फेब्रुवारीत हूडच्या पंख्याची मोटर जळली तेव्हा वॉरंटीत बसायला अवघे काही आठवडे शिल्लक होते. नशीब म्हणायचं. वॉरंटी बिलाऐवजी वापर सुरू झाल्याच्या तारखेपासून धरा, ही अट खरेदी आदेशात घातली असती तर पुरवठादार बहुधा ऐकला असता. मार्चअखेरीस त्यालाही माल खपवायचा असतो.

बुटक्या भट्ट्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. पाट कोपऱ्यात गेला. टोप आता गुडघ्याच्या उंचीवर असतो. उचलावा लागतोच, पण छातीवरून नाही. धुरामुळे डोळे चोळणं थांबलं.

कलत्या भांड्याने निराशा केली. त्याचा तळ पातळ. खिचडी दाट होत आली की खाली लागायची, आणि शंभर लिटरच्या भांड्यात लागलेली खिचडी म्हणजे सगळ्या भांड्याला करपट वास. दोनदा तसं झाल्यावर बायकांनी त्यात फक्त डाळ, उसळ असे पातळ पदार्थ करायचं ठरवलं. खरेदीआधी एकदा तरी त्यात प्रत्यक्ष खिचडी शिजवून बघायला हवी होती. पुरवठादाराच्या दुकानात आम्ही त्यात पाणी उकळून पाहिलं होतं. पाणी कुठल्याही भांड्यात छान उकळतं.

निष्पत्ती

जुलै 2024 मध्ये मी पुन्हा टेम्पोबरोबर गेले. भरताना 87. आमच्या शाळेत, आता 12:50 ला, झाकण काढलं तेव्हा 72. वर्गशिक्षिकेने डाव घातला तशी वाफ तिच्या चष्म्यावर आली. चव नोंदवहीत बाईंनी पट्टीने एक नवा रकाना आखला होता, ‘तापमान’. पहिल्या महिन्यात तो रोज भरला गेला, दुसऱ्यात दिवसाआड. आता तो सातवीच्या मुलींकडे दिला आहे आणि त्या एकही दिवस चुकवत नाहीत. थर्मामीटर कुणी हाताळायचा यावरून त्यांच्यात भांडणंसुद्धा होतात.

उरलेलं अन्न आम्ही आधी मोजलंच नव्हतं, त्यामुळे किती कमी झालं याचा आकडा माझ्याकडे नाही. कंपनीच्या अहवालात मात्र एक आकडा हवा होता. साहेबांनी “अंदाजे टाका” म्हटलं. बाईंनी टाकला नाही. त्याऐवजी तापमानाच्या नोंदींची झेरॉक्स जोडली.

मग दोन गोष्टी घडल्या ज्यांचा विचार कुणीच केला नव्हता. पहिली गाळामालकाची. अकरा महिन्यांचा भाडेकरार ऑगस्टमध्ये संपला आणि मालकाने भाडं एकदम वाढवून मागितलं. “एवढी मशिनरी लावलीय, म्हणजे धंदा चांगला चाललाय.” हूडचा पाइप त्याच्याच भिंतीतून गेलेला. भिंतीला भोक पाडताना तोंडी विचारलं होतं, लेखी काही नव्हतं. गट निघून जाऊ शकत नव्हता, हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं. तीन आठवड्यांच्या बोलणीनंतर थोड्या वाढीवर तीन वर्षांचा नोंदणीकृत करार झाला, आणि ती वाढ गटाच्या मिळकतीतून जाते. यंत्रं बसवण्याआधी निदान तीन वर्षांचा करार आणि मालकाचं लेखी संमतीपत्र ही अट प्रस्तावातच असायला हवी होती. कंपनीने मागितली नाही, स्वयंसेवी संस्थेने मागितली नाही, आणि खरेदी विभागात पंधरा वर्षं काढलेल्या मला सुचली नाही.

दुसरी गोष्ट शासनाच्या बाजूची. जून 2024 मध्ये राज्याने तीन भागांच्या आहाराच्या नव्या पाककृती आणल्या: भाताचा प्रकार, सोबत मोड आलेली कडधान्यं, आणि खीर किंवा नाचणी सत्त्वासारखा पदार्थ. आमची सगळी यादी एकट्या खिचडीभोवती बेतलेली होती. नऊशे मुलांच्या मटकीला मोड आणायला जागा आणि भांडी दोन्ही नव्हती. पहिल्या आठवड्यात बायकांनी प्लास्टिकच्या बादल्यांत मटकी भिजवली. दमट हवेत ती आंबली आणि टाकून द्यावी लागली.

उपाय मावशींनी काढला. कलतं भांडं रात्रभर रिकामंच असतं. त्यात मटकी भिजवायची, पहाटे चाक फिरवून पाणी मोरीत काढून द्यायचं, ओली मटकी कापडात बांधून मोड यायला टांगायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात उसळ. मोरी आता रुंद असल्याने पाणी बाहेर सांडत नाही. मागच्या महिन्यात कंपनीचे नवे साहेब पाहणीला आले तेव्हा भांड्यात मटकी भिजत होती. त्यांनी फाइलमधला फोटो काढला, भांड्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कुकिंगसाठी होतं ना?”

मावशींनी चाक एक फेरा फिरवून दाखवलं, पाणी सुळकन मोरीत गेलं. म्हणाल्या, “सायेब, भाजी कापायचं मशीन आणलंय का?”